बटणातली काडी

नवा गेम बघून माझं डोकं पहिल्या पाच मिनिटांतच फिरलं. खरं तर त्याच्याही आधी फिरलं होतं, कारण तो सुरू व्हायलाच चाळीस मिनिटं लागली. पुतण्याने आणलेलं काळं यंत्र टीव्हीला जोडलं, गेम उघडला, तर तो म्हणे आधी अपडेट होणार. मी, माझा थोरला भाऊ आणि त्याचा मुलगा असे तिघं सोफ्यावर बसून एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकताना बघत बसलो. पट्टी सत्तर टक्क्यांवर येऊन अडली तेव्हा मी म्हणालो, "आमच्या वेळेला बटण दाबलं की खेळ सुरू. टीव्ही तापायचा तेवढाच काय तो वेळ." पुतण्या हसला. यंदाच हिंजवडीला नोकरीला लागलाय, पहिल्या पगारात हे घेतलंय, त्यामुळे त्या दिवशी त्याला सगळ्याचंच हसू येत होतं.

दादाने फोन करून बोलावलं होतं. "ये रविवारी सांगवीला. हेलिकॉप्टर आलंय परत." एवढंच बोलून ठेवला. मी चऱ्होलीला राहतो, कामाला चाकणला जातो, आणि त्या रस्त्याची धूळ आठवड्यातून सहा दिवस खाल्ल्यावर सातव्या दिवशी मला गाडीची किल्ली बघवत नाही. तरी गेलो. दादा कधी कशासाठी बोलवत नाही, म्हणून गेलो.

हेलिकॉप्टर म्हणजे आमचा लहानपणीचा व्हिडिओ गेम. त्याचं खरं नाव काय होतं ते आम्हाला कधीच कळलं नाही. कॅसेटवर भलत्याच खेळाचं चित्र होतं आणि वर 'नव्व्याण्णव खेळ एकात' असं छापलेलं. त्यातले नव्वद तेच ते होते, नुसते आकडे बदललेले. हेलिकॉप्टर मात्र एकच होतं. खाली दोन हेलिकॉप्टरं, एक हिरवं, एक पांढरं. पडद्यावरून निळी पट्टी सरकायची, ती नदी. नदीवर करड्या रेघा यायच्या, ते पूल. पुलावर चौकोन असायचे, ते रणगाडे. गोळ्या घालून पूल फोडायचा, नाहीतर आपटून मरायचं. हिरवं दादाचं, पांढरं माझं. दादा खेळताना सारखा ओरडायचा, "पूल आला, पूल आला!" जसं काही मी आंधळाच होतो.

दादाने हे सगळं वर्णन करून सांगितलं, पुतण्याने नेटवर शोधलं, आणि त्याला कळलं की त्या खेळाची नवी आवृत्ती निघालीय. सगळं तेच, म्हणे, फक्त नव्याने केलेलं.

कसलं तेच! नदीत आता पाणी आहे. पाण्यात ऊन चमकतं, पानं वाहत जातात. पुलांना लोखंडी सांगाडे आहेत आणि सांगाड्यांवर गंज चढलेला आहे. अरे, मी आठवडाभर कंपनीत गंज बघतो, रविवारी कशाला दाखवता? हेलिकॉप्टर चालवणाऱ्याला आता नाव आहे, गाव आहे, मेलेला बाप आहे, आणि कानात बोलणारी एक बाई आहे. ती दर दोन मिनिटांनी त्याला इंग्रजीतून विचारते, तू ठीक आहेस ना? बाई गं, गोळ्या मारू दे की त्याला! सगळ्यांत मोठा कहर म्हणजे मेलं तरी मरायचं नाही. एक बटण दाबलं की खेळ दहा सेकंद मागे जातो आणि तुम्ही परत जिवंत. आमच्याकडे तीन जीव असायचे. ते संपले की पहिल्यापासून. चौथ्या टप्प्यानंतर कॅसेट अडकून पडदा पांढराफटक व्हायचा, तेव्हाही पहिल्यापासून. कुणाकडे तक्रार करणार?

हे सगळं मी मोठ्याने बोलत होतो. पुतण्याचं हसणं हळूहळू कमी झालं. "काका, आवडलं नाही तर तुम्ही नुसतं बघा," तो म्हणाला. दादा खेळत होता. तो डाव्या हाताने दिशा धरायचा आणि उजव्या हाताने कसंबसं बटण दाबायचा. त्याचं हेलिकॉप्टर प्रत्येक पुलावर आपटत होतं.

"थांबा बाबा, तुमच्यासाठी सोय आहे यात," पुतण्या म्हणाला आणि त्याने सेटिंग उघडली. "ऑटो-फायर. हे चालू केलं की गोळ्या आपोआप सुटत राहतात. मग एका हाताने खेळता येतं."

दादाच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी आहे. मधली तीन बोटं नाहीत. एकोणीस वर्षांचा होता तेव्हा भोसरीतल्या एका शेडमध्ये पत्रा दाबायच्या प्रेसखाली गेली. हे आमच्या नात्यागोत्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

मी ताडकन उठलो. "बंद कर ते!"

"अहो काका..."

"बंद कर म्हणतो ना! खेळायचं तर नीट खेळा. एवढं सोपं करून खेळायचं तर खेळायचंच कशाला?"

स्वयंपाकघरातून वहिनी बाहेर आली. हातात पळी तशीच. मटणाचा वास सगळ्या घरात सुटला होता. दादाने एकदा माझ्याकडे बघितलं, मग टीव्हीकडे बघितलं, आणि म्हणाला, "कर बंद. काका सांगतोय ना." पुतण्याने बंद केलं. मला काम आहे असं काहीतरी पुटपुटून मी चपला घातल्या आणि निघालो. रविवारी भावाच्या घरून मटण न खाता उठून गेलो. आमच्याकडे याला काय म्हणतात ते सांगायला नको.

आता जे सगळ्यांना ठाऊक नाही ते सांगतो.

आम्ही मूळचे बीडकडचे. वडील कामासाठी इकडे आले आणि आकुर्डीत दोन खोल्यांत आम्ही वाढलो. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. दहावी झाला आणि दोन वर्षं इकडेतिकडे केल्यावर भोसरीला प्रेसवर लागला. सकाळची शिफ्ट करून तीनला सुटायचा, घरी येऊन आंघोळ करायचा, आणि मग आम्ही दोघं खेळायला बसायचो. व्हिडिओ गेम त्यानेच आणला होता, कामाला लागल्यावर. म्हणाला, "बारक्या, हा आपल्या दोघांचा." मला तो अजूनही बारक्याच म्हणतो.

हेलिकॉप्टरमध्ये एक गोळी मारायला एकदा बटण दाबावं लागायचं. पण हातातल्या त्या कंट्रोलवर अजून दोन बटणं असायची. ती दाबून धरली की गोळ्या सलग सुटायच्या. अडचण एवढीच की ती घट्ट होती, धरून धरून अंगठा सुजायचा. तेव्हा मी एक युक्ती काढली. काडेपेटीतली काडी घ्यायची, गूल मोडायचं, एक टोक दाताने चावून चपटं करायचं, आणि बटण दाबून ते चपटं टोक बाजूच्या फटीत सारायचं. बटण आत अडकून राहतं. गोळ्या चालू. चपट्या टोकामुळे काडी निसटत नाही. डावा हात हेलिकॉप्टर चालवायला, उजवा मोकळा. मोकळ्या हाताने मी शेंगदाणे खायचो. दादाने ते बघितलं आणि आ वासून बघतच राहिला. "डोकं आहे रे तुला, बारक्या!" मला त्याने दुसऱ्या कशाबद्दल असं म्हटल्याचं आठवत नाही. दोन दिवसांत त्यालाही काडी बसवता यायला लागली.

प्रेसला दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच वरचा डाय, म्हणजे पोलादी साचा, खाली येतो. कशासाठी, तर दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे एकही हात डायखाली नसतो. साधी गोष्ट आहे. पण पत्रा ठेव, दोन्ही हात बाहेर काढ, दाब, पत्रा काढ, याला वेळ लागतो. दादा मला एका संध्याकाळी म्हणाला, "आज शेजारच्या मशीनपेक्षा माझे पीस जास्त निघाले. उजव्या बटणाला तुझी काडी लावली. उजव्या हाताने पत्रा सरकवायचा, डाव्याने दाबायचं. सुपरवायझर बघतच राहिला."

मी खूश झालो. शाळेत दोन मित्रांना सांगितलं की माझ्या दादाच्या कंपनीत माझी युक्ती वापरतात.

आठ दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, मी वर्गात असताना मला घरी न्यायला शेजारचे काका आले.

संध्याकाळी शेडचा मालक आमच्या घरी आला. हात जोडून उभा राहिला आणि खिशातून कागदाची पुडी काढून वडिलांपुढे उघडली. "तुमच्या पोराने बटणात ही काडी घातली होती. आता यात आमची काय चूक, तुम्हीच सांगा." सुपरवायझरने आठ दिवस ती काडी बघितली होती, पीस जास्त निघतात म्हणून तोंड शिवून बसला होता, हे मालकाने सांगितलं नाही. वडिलांनाही विचारायचं सुचलं नाही. मी दाराआडून बघत होतो. पुडीत काडी होती. गूल मोडलेलं, टोक दाताने चपटं केलेलं. आईने ती उचलून बघितली आणि परत ठेवली.

मी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात वडील खाटेशेजारी उभे राहून दादाला म्हणाले, "गाढवा, हे असलं डोकं तुला कुणी चालवायला सांगितलं होतं?" दादाच्या हाताला बँडेजचा गोळा होता. तो छताकडे बघत राहिला. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. तेव्हाही बोललो नाही. दादाही बोलला नाही.

त्या आठवड्यात गल्लीत भंगारवाला आला. भंगाराच्या बदल्यात तो लसूण द्यायचा. घरात कुणी नव्हतं. मी व्हिडिओ गेम, दोन्ही कंट्रोल आणि कॅसेट असं सगळं पिशवीत भरून त्याला देऊन टाकलं आणि त्याने दिलेला लसूण आईच्या टोपलीत ठेवला. दादा घरी आला तेव्हा सांगितलं, अडॅप्टर जळला, सगळंच जळलं. आईने त्या लसणाची चटणी केली आणि आम्ही सगळ्यांनी ती खाल्ली.

याला सत्तावीस वर्षं झाली. दादाने नंतर डाव्या हाताने लिहायला शिकून घेतलं, तळेगावला एका कंपनीत स्टोअरला लागला, लग्न केलं, सांगवीत घर घेतलं. मी आयटीआय केलं, पुढे सेफ्टीचा कोर्स केला आणि आता चाकणला एका प्रेस शॉपमध्ये सेफ्टी बघतो. का निवडलं हेच काम, असं बायको एकदा म्हणाली होती. मी तिच्यावर विनाकारण ओरडलो होतो. दादाला मी सणावाराला भेटतो, बोलतो, पण त्याच्या हाताकडे बघत नाही. तो मनात मला काय म्हणत असेल याची मला कायम धास्ती वाटत आलीय. ही धास्ती घेऊन माणूस प्रेमळ होत नाही. मी तरी झालो नाही.

तर त्या रविवारनंतरचा सोमवार. सकाळी सातला माझा पहिला राउंड असतो. हातात एक लांब खिळा असतो, तो मी प्रत्येक प्रेसच्या दोन्ही बटणांच्या कडेने फिरवतो. फटीत काही सारलेलं असेल तर खिळा अडतो. लोक मला तोंडावर साहेब म्हणतात आणि पाठीमागे खिळ्या. म्हणू देत.

चौथ्या मशीनला खिळा अडला. पुठ्ठ्याची घडी होती, छान दाबून बसवलेली. ऑपरेटर माझ्याच वयाचा, लातूरकडचा, घरी दोन मुली.

"हे काय आहे?"

"साहेब, टार्गेट कोण भरणार?"

"बोटं गेल्यावर भर टार्गेट! तळहातावर तंबाखू मळता येणार नाही तुला, कळतंय का?"

"बोटं माझी हायेत ना साहेब," तो शांतपणे म्हणाला. "तुमचं काय जातंय?"

मग मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याच्या आईबापापर्यंत गेलो. लाइन थांबली. लोक बघायला लागले. तो माणूस मान खाली घालून उभा होता आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. एरवी मी असं काही पकडलं की मेमो लिहितो, सही घेतो, विषय संपला. त्या दिवशी मेमोचा कागद कोराच ठेवला. स्क्रॅपच्या पेट्यांमागे जाऊन बसलो. डोक्यात एकच वाक्य घुमत होतं, एवढं सोपं करून खेळायचं तर खेळायचंच कशाला. तीन बोटं नसलेल्या माणसाला मी हे ऐकवून आलो होतो. ती बोटं कुणामुळे गेली हे ठाऊक असताना. लाज वाटली. दुपारी त्या ऑपरेटरकडे जाऊन म्हणालो, "तोंड सुटलं माझं. चूक झाली. पण पुठ्ठा परत दिसला तर घरी पाठवीन." तो म्हणाला, "बरं."

त्या संध्याकाळी पिंपरीच्या बाजारात गेलो. तसले व्हिडिओ गेमचे प्लॅस्टिकचे डबे अजूनही मिळतात. आता त्यावर 'पाचशे खेळ एकात' असं लिहिलेलं असतं. दुकानदाराने विचारलं, "पोरांना का?" मी म्हणालो, "मला." "घ्या की राव, कोण नको म्हणतंय," म्हणाला. घरी येऊन टीव्हीला लावला. यादीत शोधत शोधत खाली गेलो आणि हेलिकॉप्टर सापडलं. तेच. तीच निळी पट्टी.

आणि तो खेळ भंगार होता. खोटं कशाला बोलू? आवाज डासासारखा. रणगाडे म्हणजे नुसते चौकोन. पूल दर पंधरा सेकंदांनी येतो आणि प्रत्येक पूल सारखाच. बायको म्हणाली, "हे बघायला मालिका बंद केलीस माझी?" नव्या गेमला मी सांगवीत बसून शिव्या घातल्या होत्या त्या यालाच घालायला हव्या होत्या. नवा नाटकी आहे, तोंडाळ आहे, ते आहेच. पण जुन्यानेही काही दिवे लावले नव्हते.

सवयीने मी दोन खेळाडू निवडले होते. त्यामुळे खाली पांढऱ्याशेजारी हिरवं हेलिकॉप्टर उभं होतं आणि ते चालवायला कुणी नव्हतं. ते सरळ गेलं आणि पहिल्या पुलावर आपटलं. परत आलं, परत आपटलं. तिसऱ्यांदा आपटलं आणि आलंच नाही. पूल आला म्हणून कुणी ओरडलं नाही. मला रडू फुटलं. बायको घाबरली, पाणी घेऊन आली. मी तिला सगळं सांगितलं. ती पहिली जिला मी सांगितलं. ती म्हणाली, "मला काय सांगतोस? त्यांना सांग."

पुढच्या रविवारी न बोलावता गेलो. वहिनीने दार उघडलं आणि दारातच विचारलं, "आज तरी जेवणार आहात का भाऊजी, की चपला पायातच ठेवताय?" मी चपला काढल्या.

आत दादा एकटाच खेळत होता. पुतण्या जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसला होता, त्याने मान वर केली नाही. दादाने कंट्रोल मांडीवर टेकवला होता, डाव्या हाताने हेलिकॉप्टर चालवत होता आणि उजव्या अंगठ्याने बटण दाबत होता. करंगळीने धरायला जायचा आणि कंट्रोल फिरायचा. पूल, आपट. पूल, आपट. ऑटो-फायर बंद होतं.

"आठवडाभर असंच खेळतायत," पुतण्या लॅपटॉपमध्ये बघतच म्हणाला. "मी चालू करून देतो म्हटलं तर म्हणतात, नको, काका म्हणाला नीट खेळा."

मी दादाच्या शेजारी बसलो. काय बोलायचं ते चऱ्होलीपासून घोकत आलो होतो, पण ऐन वेळी सगळं पुसलं गेलं. "दादा," मी म्हणालो, "ती काडी माझी होती."

"कुठली?"

"भोसरीची."

त्याचं हेलिकॉप्टर आपटलं. कानातली बाई तू ठीक आहेस ना म्हणाली. दादाने खेळ थांबवला. पुतण्याचे हात लॅपटॉपवर थांबले. त्याला यातलं काही माहीत नव्हतं.

"मग? मला काय माहीत नाही का?" दादा म्हणाला. "मीच तर सांगितलं होतं तुला, तुझी काडी लावली म्हणून."

"वडील दवाखान्यात तुला बोलत होते तेव्हा मी शेजारी उभा होतो. गप्प बसलो."

"मग काय करणार होतास? तेरा वर्षांचं पोर तू. मार खाल्ला असतास, अजून काय?" त्याने खांदे उडवले. "प्रेसवर मी होतो. काडी मी लावली. सुपरवायझरनं बघितली आन् तोंड दुसरीकडं केलं. तुझा त्यात काय संबंध?"

सत्तावीस वर्षांचं ओझं असं दोन वाक्यांत खाली उतरलं म्हणून मी श्वास सोडला. आता तो पाठीवर थाप मारेल, वहिनी जेवायला वाढेल, असं वाटलं. मी हसलोही असेन. दादाने कंट्रोल बाजूला ठेवला आणि माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता.

"हसू नकोस," तो म्हणाला. "ऐक. दवाखान्यात मी पडून होतो. तीन बोटं नाहीत. रडून झालं, वडलांचं ऐकून झालं. मग मी काय विचार करत होतो सांगू? हेलिकॉप्टरचा. डाव्या हातानं चालवायचं, आन् काडी तर हायेच, उजव्या हाताचं कामच नाही. म्हणलं, काही बिघडलं नाही, बारक्या आन् मी खेळू शकतो. रोज तेवढंच डोक्यात. घरी आलो तर गेम नाही."

मला वर बघवेना.

"जळला म्हणालास. आईनं भंगारवाल्याच्या लसणाचं मला घरी आल्याच्या चौथ्या दिवशीच सांगितलं. मी तुला विचारलं नाही. म्हणलं, सांगेल. आज सांगेल, उद्या सांगेल. तू त्यानंतर माझ्याशेजारी बसायचाच बंद झालास. जेवायलासुद्धा समोर बसायचास, लांब." त्याचा आवाज चढला. वहिनी दारात येऊन उभी राहिली. "काडीचं काय घेऊन बसलास? बोटं माझी गेली होती. खेळ तू कामून बंद केलास?"

मराठवाड्याचं कामून त्याच्या तोंडून मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. भीती वाटली म्हणून, असं म्हणालो. तुझ्या हाताकडे बघवत नव्हतं म्हणून. तो म्हणाला, "माझा हात होता. मला बघावाच लागत होता." त्याने हात माझ्यापुढे धरला. "बघ."

बघितला. बोटांच्या जागी तीन गोल उंचवटे, त्यावरची कातडी गुळगुळीत, मधल्यावर एक आडवा पांढरा व्रण. अंगठ्याला बटण दाबून दाबून नवा फोड आला होता. तो फोड माझ्या बोलण्याचा होता, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मग दादाने कंट्रोल उचलून माझ्या हातात दिला. "ते गोळ्यांचं चालू कर."

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. सेटिंग उघडायला गेलो तर खेळच बंद झाला. पुतण्या उठला, "द्या काका, मी करतो."

"बस खाली," दादा म्हणाला. "त्याला करू दे. त्यानंच बंद केलंय."

मी केलं. तीन वेळा चुकलो, एकदा कानातल्या बाईचा आवाज दुप्पट केला, पण शेवटी सापडलं. हिरव्याच्या नावापुढची खूण चालू केली. पांढऱ्याची नाही केली. माझी पाचही बोटं शाबूत आहेत, मला कशाला? पुतण्याने दुसरा कंट्रोल आणून दिला. माझ्यासमोर आदळला नाही, एवढंच.

खेळ सुरू झाला. आजही सांगतो, भिकार खेळ आहे. पाणी चमकतं, बाई बोलते, पूल गंजलेले. हिरव्या हेलिकॉप्टरमधून गोळ्या सुटत होत्या आणि दादाचा उजवा हात मोकळा होता. वहिनीने बशीत शेंगदाणे आणून मधे ठेवले. दादाने अंगठा आणि करंगळी जुळवून एक दाणा उचलला, तोंडात टाकला, दुसरा उचलला. मी बघत राहिलो.

"माझ्याकडं काय बघतोस?" तो दाणा चावत म्हणाला. "पुढं बघ, पूल आला."